सन्मतीची खोडलहर

ज्या हंगामात लग्नाच्या पंगतींत यंत्रं वाढायला लागली, त्या हंगामात मिरज तालुक्यात सात सोयरिकी तुटल्या. यंत्रांचं काही चुकलं होतं असं नाही. चाकांवरची ती चकचकीत गाडी प्रत्येक पानासमोर थांबे, गोड आवाजात 'खीर वाढू?' असं विचारी आणि पाहुणा 'नको' म्हणाला की त्याचे आभार मानून पुढच्या पानाकडं सरके. अशा रीतीनं एका दुपारी साडेचारशे माणसं अर्धपोटी उठली, आणि मुलीकडच्यांनी आपल्याला साधं 'घ्या की' म्हटलं नाही ही गोष्ट नातवंडांना सांगण्यासाठी जपून घरी घेऊन गेली. पुढच्या हंगामात गाड्या गोदामात गेल्या आणि सन्मती चौगुलेच्या वाढपी मंडळाला पुन्हा बोलावणी यायला लागली.

सन्मती तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. उंच, सावकाश बोलणारा, आणि चेहऱ्यावर कायम आपल्याच घरचं कार्य असल्याचा भाव. त्याच्या हातातल्या ओगराळ्यापासून कुणी सुटल्याचं ऐकिवात नव्हतं. जैनांच्या लग्नात शेवटची पंगत सूर्य मावळायच्या आत उठावी लागते, त्यामुळं आग्रहसुद्धा घड्याळाकडं बघून करावा लागतो. सन्मती तो अशा वेगानं करी, की पाहुण्याचा पहिला 'नको' तोंडातून धड बाहेर पडेपर्यंत पानात खपली गव्हाची खीर आलेली असे, आणि दुसरा 'नको' होईपर्यंत तिच्यावर तूप. मधुमेहाचे एक नामांकित डॉक्टर एकदा त्याच्या पंगतीला बसले होते. उठल्यावर त्यांनी स्वतःच्याच नावानं औषधाची चिठ्ठी लिहिली.

असा हा माणूस इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. परीक्षेला बसण्याचं कारण त्याची बायको.

अश्विनी मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं सिस्टर होती. स्कॉटलंडमधल्या ग्लेनबरी नावाच्या गावात म्हाताऱ्या माणसांचं एक निवासगृह होतं. त्यांनी तिला पाच वर्षांसाठी बोलावलं. तिकडं तोवर म्हातारी माणसं इतकी झाली होती आणि तरुण माणसं इतकी कमी, की सिस्टरबरोबर तिचा नवरा आला तरी त्यांना हवाच होता. त्यानं म्हाताऱ्यांना खाऊपिऊ घालायचं, शेजारी बसायचं, काय हवं नको ते बघायचं. अट एकच. ऐकण्याची परीक्षा पास व्हायला हवी, आणि ती तीनदाच देता येणार. नापास झाला तर अश्विनी एकटी जाणार होती. मुलगी हुबळीला शिकत होती, तिचं तिचं चाललं होतं. अश्विनीशिवायची पाच वर्षं कशी जातील याचा सन्मतीनं एकदा विचार करून बघितला होता. तो विचार त्यानं पुन्हा केला नाही.

परीक्षा अवघड होती ती नकारामुळं. आजारी माणसाची अर्धी वाक्यं नकारार्थी असतात. मला डाव्या कुशीवर वळवू नका, सकाळची गोळी अजून घेतलेली नाही, पायाला काही जाणवत नाही. त्यात इंग्रज माणूस नकार उघड्यावर ठेवत नाही. तो 'हार्डली' म्हणतो, 'सेल्डम' म्हणतो, 'आय वुड रादर यू डिडन्ट' म्हणतो, आणि ऐकणाऱ्यानं त्यातून काय ते ओळखायचं. पूर्वी ही परीक्षा कागदावर होई. मग शिकवणीवाल्यांनी युक्ती काढली: 'हार्डली' ऐकू आलं की उलट्या उत्तरावर खूण करायची, पुढचं ऐकायचंसुद्धा नाही. मुलं पैकीच्या पैकी मार्क मिळवून परदेशी गेली, आणि तिथं 'मला अंघोळ नको' म्हणणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांना दिवसातून दोनदा अंघोळ घालू लागली. न्यायाधीशांनी खटला भरला. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानं कागद बंद केला आणि थेट डोक्यात बघायचं ठरवलं.

यातलं शास्त्र तसं साधं आहे. 'चहात साखर नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलंत की तुमचा मेंदू लगेच साखर नसलेला चहा समोर आणत नाही. तो आधी साखर घातलेला चहा आणतो, आणि मग सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वेळानं त्यातली साखर पुसून टाकतो. नकार समजणं म्हणजे आधी चित्र काढणं आणि मग ते खोडणं. हे खोडताना मेंदूत विजेची एक बारीकशी लहर उठते. कानामागं चिकटवलेल्या पट्टीला आता ती लहर पकडता येऊ लागली होती. मराठीत तिला खोडलहर म्हणत. वाक्य ऐकून लहर उठली तर तुम्हाला नकार समजला. नाही उठली तर तुम्ही कितीही मान हलवा, तुमच्या डोक्यात साखर तशीच आहे. तिथं शिकवणीवाल्यांची युक्ती चालत नव्हती.

परीक्षेत खऱ्या म्हाताऱ्या माणसांची चाळीस ध्वनिमुद्रित वाक्यं ऐकवत. छत्तीस ठिकाणी लहर उठली की पास.

पहिल्या खेपेला सन्मतीच्या चार ठिकाणी उठली. दुसऱ्या खेपेआधी त्यानं दोन महिने 'नीदर', 'बेअरली' आणि 'अनलेस' यांचे अर्थ पंगतीतल्या पदार्थांसारखे क्रमानं पाठ केले. या खेपेला तीन ठिकाणी उठली. निकालपत्रावर मंडळाच्या शुद्ध मराठीत लिहिलं होतं: 'इंग्रजी शब्दज्ञान उत्तम. नकाराचे आकलन आढळून आले नाही.'

त्यानं तो कागद घरी आणून अश्विनीच्या हातात दिला. तिनं वाचला, घडी घालून फ्रिजवर ठेवला.

"हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं," ती म्हणाली. "यंत्र लावायची गरज नव्हती."

वाढपी मंडळात बातमी पोचायला वेळ लागला नाही. आचारी बाळगोंडा यानं त्या आठवड्यात भर मांडवात सगळ्यांना सांगितलं, की अण्णाला 'नको' ऐकू येत नाही हे आता सरकारी कागदावर आलंय, तेव्हा पाहुण्यांनी आपापल्या जिवाची काळजी घ्यावी. सन्मती हसला. त्या पंगतीत त्यानं कुणालाच तिसऱ्यांदा वाढलं नाही, एवढंच.

मिरजेचं परीक्षाकेंद्र डॉ. रुबीना सतारमेकर चालवी. घराणं सतारी बनवणाऱ्यांचं. वडील तार कानाला लावून भोपळ्याचा दोष सांगत, आणि मुलगी मेंदूला पट्टी लावून माणसाचा. तिला सन्मतीचे दोन्ही आलेख बघून झोप लागेना, कारण त्यात खोडलहर नव्हती हे खरं, पण तिच्या जागी दुसरंच काहीतरी होतं. दर नकाराला मेंदूच्या ज्या भागातून उजवा हात हलतो, तो भाग दिवाळी असल्यासारखा उजळत होता. तिनं परीक्षेचं चित्रण काढून बघितलं. प्रत्येक वाक्यातल्या 'नो' ला समोरच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थाचा उजवा हात दोन बोटं पुढं येत होता आणि मनगट किंचित कलत होतं.

तिनं सन्मतीला बोलावून विचारलं, की अण्णा, तुम्ही धंदा काय करता. त्यानं सांगितल्यावर ती बराच वेळ टेबलावर डोकं ठेवून हसली, आणि मग म्हणाली की मला एक पंगत बघायची आहे.

पुढच्या रविवारी एका साखरपुड्यात बारा पाहुण्यांच्या कानांमागं पट्ट्या लावल्या गेल्या. बाराजण सहज तयार झाले. परदेशी जायचं यंत्र फुकटात लावून मिळतंय म्हटल्यावर आणखी तीसजण रांगेत होते. अश्विनीही पट्टी लावून बसली, तेराव्या पानावर. रुबीना कोपऱ्यात पडदा घेऊन बसली आणि सन्मती खिरीचं पातेलं घेऊन निघाला.

पडद्यावर जे दिसलं ते मंडळाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पाहुणे पहिला 'नको' म्हणाले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात खोडलहर उठली नाही. तोंडानं नको, आणि आत खिरीचं चित्र जसंच्या तसं, उलट थोडं जास्त तुपाचं. दुसऱ्या 'नको' लाही तेच. पोट खरंच भरलं की मात्र बोलायच्याही आधी लहर उठे, आणि त्याच क्षणी तळहात पानावर आडवा येई. तो हात आला की सन्मती थांबे. बारा पानांत त्याची एकही चूक झाली नाही.

म्हणजे यंत्रही बरोबर होतं आणि सन्मतीही. त्याला खरा नकार कळत होता, पण डोळ्यांनी. तीस वर्षांत त्यानं 'नको' या शब्दाकडं कधी लक्षच दिलं नव्हतं, कारण त्याच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ 'वाढायला सुरुवात करा' एवढाच होता. परीक्षेत ध्वनिमुद्रणातल्या म्हाताऱ्यांचे हात दिसत नव्हते. मग तो बिचारा वाढतच राहिला होता.

पंगत उठल्यावर रुबीनानं वरच्या खोलीत हे त्याला समजावून सांगितलं. त्याला फार बरं वाटलं. आपल्या डोक्यात काही कमी नाही, उलट एक गोष्ट जास्तच आहे, असं त्यानं अश्विनीला हाक मारून सांगितलं. तेव्हा रुबीना जरा अवघडली आणि म्हणाली की अण्णा, तेरावा आलेख तेवढा बघायचा राहिलाय.

तेरावा आलेख अश्विनीचा. पहिल्याच 'नको' ला खोडलहर उठलेली होती, शाळेत फळ्यावर काढतात तशी, उंच आणि स्वच्छ. तिनं हात आडवा केलेला नव्हता. सन्मतीनं तिला तीन ओगराळी खीर वाढली होती आणि तिनं ती संपवली होती.

"तुला खीर नको होती?" त्यानं विचारलं.

"मला खीर आवडत नाही. वेलदोड्याचा वास सोसत नाही मला."

"तेवीस वर्षं खातीयेस की."

"तुम्ही वाढत होता म्हणून."

"मग एकदा सांगायचं नाहीस का?"

अश्विनीनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, वॉर्डात एखादा पेशंट शुद्धीवर येतोय का हे बघतात तसं. "दर वेळी सांगितलं," ती म्हणाली. "नको म्हणाले."

सन्मती खाली मांडवात जाऊन बसला. तेवीस वर्षांतली खीर सोडून इतर किती गोष्टी असतील याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. शिमोग्याची सहल. बाहेरच्या खोलीचा मोरपंखी रंग. चुलत्यांना दोन महिने घरी ठेवून घेणं. प्रत्येक वेळी तिनं एकदा, एकदाच, साध्या आवाजात काहीतरी म्हटलेलं त्याला आता ऐकू यायला लागलं. आणि मग त्याला जी भीती वाटली, ती नापास होण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. तो उठून परत आला.

"मी तिकडं यायचं म्हणतोय," तो म्हणाला, "ते तुला हवंय का? का तेपण मीच वाढून घेतोय?"

"मी 'या' म्हटलंय की नाही?"

"म्हटलंयस."

"मग 'या' म्हणजे 'या'. मी एकदाच बोलते." आणि ती हात धुवायला गेली.

तिसऱ्या परीक्षेला दोन महिने होते. शिकवणी अश्विनीनं घ्यायची ठरवली. रोज सकाळी ती पोळ्या लाटताना सन्मती दाराकडं तोंड करून, डोळे मिटून, पाटावर बसे. ती मागून इंग्रजीत वाक्यं टाकी. तिनं बावीस वर्षांत इतके पेशंट ऐकले होते की तिला कुणाचाही नकार काढून दाखवता येत असे. कॅप्टन असलेल्या म्हाताऱ्याचा, लाजऱ्या विधवेचा, ऑपरेशनला घाबरलेल्याचा. सन्मतीनं सांगायचं, खरा की रिकामा. सुरुवातीला त्याचा उजवा हात पुढं येई आणि ती लाटणं वाजवी.

पण ज्यानं तीस वर्षं माणसांच्या पोटाचा अंदाज घेतला, त्याला कान तयार करायला किती वेळ लागणार? तिसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की खऱ्या नकाराच्या आधी माणूस एक बारीकसा श्वास अडवतो, दार लावताना हात कडीवर थांबतो तसा. रिकाम्या नकाराचं शेपूट मात्र वर जातं आणि तिथंच घोटाळत राहतं, कुणीतरी मागं येतंय का बघत. इंग्रजी असो की मराठी, हे सारखंच होतं. शब्द 'हार्डली' आहे की 'नको' आहे याला फार महत्त्व नव्हतं.

याचे परिणाम गावाला भोगावे लागले. सन्मती आता पंगतीत डोळे अर्धवट मिटून फिरे, आणि ज्याला खरंच नको त्याला वाढत नसे. एका नवऱ्यामुलाच्या मामानं कैक वर्षांत प्रथमच पहिल्या 'नको' ला सुटका झाल्यामुळं घाबरून यजमानांना विचारलं, की आमचं काही चुकलं का. चौगुलेअण्णा आजारी आहेत अशी बातमी पसरली. दोघेजण भेटायलाही आले. त्यांनी चहा नको म्हटलं. सन्मतीनं ऐकून एकाला दिला आणि एकाला दिला नाही. ज्याला मिळाला तो घरी जाऊन बायकोला म्हणाला, की माणूस ठणठणीत आहे, पण आता त्याच्यासमोर खोटं बोलायची सोय राहिली नाही.

घरात बाहेरच्या खोलीला पांढरा रंग लागला.

तिसरी परीक्षा मंगळवारी सकाळी अकराला झाली. रुबीना काचेपलीकडं बसली होती. बाहेरच्या बाकावर अश्विनी, आणि तिच्याशेजारी बाळगोंडा, जो आपण सहज इकडून चाललो होतो असं सगळ्यांना सांगत होता. पहिली दहा वाक्यं झाली, दहाही ठिकाणी लहर. वीस झाली, एक चुकली. सन्मतीचा हात मांडीवर निवांत पडून होता. सव्विसाव्या वाक्यापर्यंत चोवीस बरोबर होती.

सत्ताविसावं वाक्य एका म्हाताऱ्या बाईचं होतं. मागं कपबशीचा आवाज. कुणीतरी तिला चहा आणि केक हवा का विचारलेलं, आणि ती इंग्रजीत म्हणते: नाही नाही, तुम्ही उगीच तसदी नका घेऊ, मी अगदी मजेत आहे.

एका वाक्यात दोन नकार, दोन्ही स्वच्छ, उघडे. सन्मती सोडून हे वाक्य आजवर कुणी चुकलेलं नव्हतं. सन्मतीच्या आलेखावर खोडलहर उठली नाही. त्याचा हात दोन बोटं पुढं आला.

पुढच्या तेरांत दोन चुकली. एकूण पस्तीस. छत्तीसला पास.

रुबीनानं बाहेर येऊन सांगितलं. बाळगोंडा उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. अश्विनीनं पर्स उघडली, बंद केली. सन्मती मात्र वेगळ्याच विचारात होता. "डॉक्टर, बाकीची चुकली ती चुकली," तो म्हणाला. "पण सत्ताविसावी बाई उपाशी होती."

आता या परीक्षेची एक बारीक गोष्ट सांगायला हवी. ही वाक्यं ध्वनिमुद्रित करताना बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानांमागंही पट्ट्या होत्या. यंत्र जुळवून घेण्यासाठी ते लागतं. ते आलेख मंडळाकडं कपाटबंद होते आणि कुणी कधी उघडून बघितले नव्हते. माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणायचं असतं, यात तपासण्यासारखं काय आहे? परीक्षार्थीला एका वाक्यावर हरकत घेता येते. रुबीनानं हरकत लिहिली, आणि पुराव्याच्या रकान्यात 'वाढप्याचा अनुभव, तीस वर्षे' असं गंभीरपणे भरून पाठवलं.

आठ दिवसांनी मंडळानं कपाट उघडलं. सत्ताविसाव्या वाक्याला बोलणारीच्या डोक्यात खोडलहर नव्हती. केकचं चित्र मात्र होतं, अगदी ठसठशीत. मंडळाला घाम फुटला. त्यांनी चाळीसही आलेख काढले, तेव्हा असे सहा सापडले. म्हणजे गेल्या तीन वर्षांत ज्यांनी चाळीसपैकी चाळीस मिळवले होते आणि ज्यांचे फोटो मंडळाच्या भिंतीवर होते, ती मंडळी रोज सहा माणसांना उपाशी ठेवण्यात निष्णात असल्याचं शास्त्रानं सिद्ध झालं.

पक्की खात्री करावी म्हणून मंडळानं त्या बाईंना शोधून फोन केला. मिसेस मोराग मॅकिनन, वय एक्याण्णव. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हो, तो लिंबाचा केक होता, ट्रे घेऊन आलेली मुलगी 'बरं' म्हणून निघून गेली, आणि आता तुम्ही विचारताच आहात तर त्या वृद्धनिवासात आपल्याला दुसऱ्यांदा कधीच कुणी काही विचारलेलं नाही.

सन्मती छत्तीसवर पास झाला. पत्र आलं त्या दिवशी बाळगोंडानं पंगत नसतानाही जिलेबी तळली.

पण गोष्ट तिथं थांबली नाही, कारण मोठ्या संस्थेची एकदा चूक झाली की तिला सुधारणेचा झटका येतो. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर ॲलरडाइस यांनी स्वतः पडद्यावरून सन्मतीची भेट मागितली. नियमाप्रमाणं परीक्षार्थीशी होणारं बोलणं पट्टी लावूनच करायचं असतं, म्हणून ती भेट केंद्रावर ठरली. दुपारचे तीन वाजले होते. सन्मती इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसला, अश्विनी दारात उभी राहिली.

अध्यक्ष लांब चेहऱ्याचे, फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी हवेबद्दल चौकशी केली. मग म्हणाले, की मंडळाला अशा माणसाची फार गरज आहे. सन्मतीनं लंडनला यावं, मुख्य कचेरीत बसावं, देशोदेशींची ध्वनिमुद्रणं ऐकावीत आणि कुठला नकार खरा ते ठरवावं. मुख्य नकार-परीक्षक असं पद निर्माण केलं आहे. राहायला घर, घराला बाग, आणखीही बरंच काही त्यांनी सांगितलं. मिसेस चौगुले यांचं ग्लेनबरी तिथून उत्तरेला दिवसभराच्या रस्त्यावर आहे, पण सुट्ट्यांत भेटता येईल.

सगळ्या आयुष्यात सन्मतीनं कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. लग्नघरी कुणी अशक्य तारीख मागितली तरी तो 'बघू की' म्हणायचा आणि मग दोन गावांत एकाच दिवशी धावायचा. काचेपलीकडं रुबीनानं आलेखाकडं बघितलं.

"नो, सर," सन्मती म्हणाला.

लहर उठली. पहिल्याच शब्दाला, उंच आणि स्वच्छ.

अध्यक्ष हसले. ते म्हणाले, घाई नाही, विचार करून सांगा. सन्मती म्हणाला, नो सर. अध्यक्षांनी बागेत सफरचंदाची दोन झाडं असल्याचं सांगितलं. त्यांच्याही हातात ओगराळं आहे, फक्त ते आपल्याला दिसत नाही, हे सन्मतीच्या लक्षात आलं आणि त्याला त्या माणसाबद्दल धंदाबंधूची माया वाटली. तरी तो तिसऱ्यांदा म्हणाला, नो सर, थँक यू, आणि पुढं, पाठ न केलेल्या इंग्रजीत, एवढंच म्हणाला की मी माझ्या बायकोबरोबर जाणार आहे.

अध्यक्षांनी पलीकडं कुणाला तरी विचारलं. ते कोणीतरी आलेख बघून काहीतरी पुटपुटलं. अध्यक्षांचा चेहरा आणखी लांब झाला. मग त्यांनी ग्लेनबरीसाठी शुभेच्छा दिल्या आणि पडदा काळा झाला.

रुबीनानं पट्टी काढली आणि चहा सांगायला निघून गेली. ती जरा जास्तच वेळ गेली. सन्मती खुर्चीतच बसून होता. अश्विनी आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसली, पदर नीट केला, मनगटावरचं घड्याळ उगीचच फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. त्यामुळं ती अगदी चौकशी-खिडकीवरच्या बाईच्या आवाजात बोलली.

"बाग होती म्हणे घराला. सफरचंदाच्या झाडांनंतर ते आणखी काहीतरी देतो म्हणत होते. काय होतं ते?"

"ऐकलं नाही मी," सन्मती म्हणाला.

"ऐकलं नाही? मग ऐकण्याची परीक्षा पास झालात ते कसले?"

"तू दारात उभी होतीस," तो म्हणाला. "तू आत येतीयेस की निघून जातीयेस, ते ऐकत होतो."